जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढचे हाऊसिंग बसवून फोर बाय फोर करावे का?

जांभ्याची_वाट

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमची आंबा-काजूच्या कलमांची लहानशी रोपवाटिका आहे आणि तिच्यासाठी माझ्याकडे २००५ सालचा महिंद्रा बोलेरो पिकअप आहे. इंजिन २५२३ सीसीचे साधे डीआय असून गेल्या वर्षीच त्याचे पूर्ण काम करून घेतले आहे. चासी गंजलेली नाही. गाडी अर्थातच फक्त मागच्या चाकांवर चालते. पुढे भरीव बीम (दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा) आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आहेत.

अडचण गाडीची नसून वाटेची आहे. घरापासून गावच्या डांबरी रस्त्यापर्यंत सुमारे ९०० मीटरची आमची स्वतःची कच्ची वाट आहे आणि तिच्या शेवटी एक चढणीचे वळण लागते. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या भरून गाडी त्या वळणावरून सहज निघते. पण कलमांचा धंदा पावसाळ्यातला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर काजूच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची कलमे गिऱ्हाइकांना पोहोचवायची असतात आणि नेमक्या त्याच काळात जांभ्याची लाल माती इतकी निसरडी होते की मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात. मागच्या वर्षी सोळा वेळा शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बोलवावा लागला, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

तालुक्याच्या गावातील एका गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की भंगारात निघालेल्या एमएम ५४० जीपचे पुढचे हाऊसिंग (चाकांना इंजिनचा जोर पोहोचवणारा आस) आणि ट्रान्सफर केस (तो जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) त्याच्याकडे पडून आहे, ते बसवले की पंधरा दिवसांत गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी होईल. ऐकायला हे फार सोपे वाटते, आणि म्हणूनच विचारतो आहे. असे काम खरोखर नीट होते का? झाल्यास दरवर्षीच्या पासिंगला अडचण येईल का? की ही गाडी विकून जुनी फोर बाय फोर घेणे शहाणपणाचे ठरेल? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे किंवा करताना जवळून पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त_फिटर

मी सुमारे तीस वर्षे जीप आणि त्यांच्या भावंडांची कामे केली. अशा प्रकारच्या सहा-सात गाड्यांना माझे हात लागले आहेत. त्यांपैकी दोन चांगल्या झाल्या, एक कशीबशी चालली आणि बाकीच्यांच्या मालकांनी वर्षभरातच पुढचा शाफ्ट सोडून ठेवला. त्यामुळे काम होते का, या प्रश्नाचे उत्तर होते असेच आहे, पण ते पंधरा दिवसांत होत नाही आणि केवळ हाऊसिंग टाकून तर मुळीच होत नाही.

सुरुवात पुढून करू. तुमच्या गाडीच्या बीमचा मधला भाग खाली वाकलेला असतो, आणि इंजिन तसेच त्याचा संप (खालचे तेलाचे भांडे) त्या बीमच्या वर मोकळ्या जागेत बसवलेला असतो. बीमच्या जागी हाऊसिंग आले की त्यातील, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलचा गोळा वर डोके काढतो, आणि पाटे दबले की तो संपकडे किंवा चासीच्या आडव्या पट्टीकडे सरकतो. मूळ फोर बाय फोर म्हणून तयार झालेल्या गाडीत या हालचालीची जागा आधीच ठेवलेली असते. तुमच्या गाडीत ती करावी लागेल, म्हणजे एकतर पाट्यांखाली ठोकळे देऊन पुढचा भाग उचलायचा किंवा संप कापून नवा जोडायचा. पुढचा भाग उचलला की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडतात, आणि हाऊसिंग पाट्यांवर बसवताना किंगपिनचा (चाक ज्या खुंटीवर वळते तिचा) मागे झुकलेला कोन जरासा चुकला तरी ताशी पन्नासच्या पुढे हातातील चाक थरथरू लागते. ज्या मालकांनी शाफ्ट सोडले, त्यांतील दोघांची तक्रार हीच होती.

जुन्या जीपचे हाऊसिंग तुमच्या पिकअपला अरुंद पडेल. पाट्यांमधील अंतर वेगळे असल्यामुळे बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागतील, आणि पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा आत आली की चिखलातील प्रत्येक चाक स्वतःची वेगळी चाकोरी पाडू लागते. ज्या कारणासाठी खर्च करायचा, त्याच्या हे नेमके उलट आहे. ब्रेक आणि चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ जुळते का, हेही आधी पाहावे.

आता ट्रान्सफर केस. जुन्या जीपमध्ये जी डाना १८ जातीची पेटी येते, तिचे पुढचे आणि मागचे दोन्ही शाफ्ट गाडीच्या उजव्या अंगाने निघतात. म्हणून त्या जीपच्या मागच्या हाऊसिंगचा गोळाही मध्यभागी नसून उजवीकडे असतो. तुमच्या पिकअपचा मागचा गोळा मध्यावर आहे. तेव्हा ती पेटी बसवायची तर मागचे हाऊसिंगही बदलावे लागेल, नाहीतर शाफ्ट तिरपा धावेल आणि त्याचे क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर खाल्ले जातील. ज्या पेट्यांचा मागचा शाफ्ट मध्यातून निघतो अशाही असतात, पण मग त्या पेटीला जुळणारा गीअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट आणि मधले जोडघर शोधावे लागते, कारण टू-व्हील-ड्राइव्हच्या गीअरबॉक्सची शेपटी निराळी असते. थोडक्यात म्हणजे गीअरबॉक्सही खोलावा लागतोच.

काही जण मारुती जिप्सीची पेटी सुचवतील, कारण ती गीअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि त्यामुळे मूळ गीअरबॉक्स न खोलता ती चासीवर स्वतंत्र टांगता येते. कल्पना चांगली आहे. पण जिप्सी किंगचे पेट्रोल इंजिन सुमारे १०३ न्यूटन-मीटर जोर देते आणि तुमचे डीआय १८० च्या घरात. पहिल्या गीअरमध्ये तो जोर आणखी कित्येक पटींनी वाढून पेटीत शिरतो. भरलेल्या पिकअपच्या चढणीवर ती पेटी किती दिवस टिकेल, याची हमी मी तरी देणार नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते क्राऊन-पिनियनकडे, म्हणजे हाऊसिंगमधल्या दातेरी चाकांच्या जोडीकडे. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधले डिफरन्शियल नसते, त्यामुळे फोर बाय फोर लावले की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. पुढचे आणि मागचे गुणोत्तर (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) वेगळे असेल तर एका बाजूच्या चाकांना घसरण्याशिवाय गत्यंतर नसते. ४३ आणि ८ दातांची जोडी ५.३७५ देते, ३९ आणि ८ ची ४.८७५ देते, फरक अर्ध्या फेरीचा दिसतो, पण याचा अर्थ १०० मीटर जाताना एका हाऊसिंगची चाके सुमारे दहा मीटर फरफटत जातात. चिखलात हे कळत नाही. डांबरावर आल्यावर लीव्हर काढायला विसरलात की पेटीतून आवाज येऊ लागतो आणि मग एखादा क्रॉस तुटतो.

गुणोत्तर मोजायला कुठलेही यंत्र लागत नाही. पुढच्या चाकांखाली दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा, मागचे एकच चाक जॅकवर उचला आणि दुसरे जमिनीवर राहू द्या. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. जितके फेरे, तितके गुणोत्तर. गॅरेजमध्ये पडलेल्या हाऊसिंगवरही एका चाकाकडचे टोक घट्ट धरून असेच मोजता येईल. पैसे देण्यापूर्वी एवढे तरी करा.

डेन्व्हरकर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बावीस वर्षे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो. इथे हा प्रश्न इतक्या लोकांना पडलेला असतो की त्यावर गॅरेजांची कित्येक दशके गेली आहेत, म्हणून माझा अनुभव लिहितो, जरी गाडी वेगळी असली तरी.

इथल्या पिकअपांचा इतिहासच मुळी बाहेरून बसवलेल्या फोर बाय फोरने सुरू होतो. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३० च्या दशकाच्या मध्यापासून फोर्डच्या ट्रकना पुढचा ड्राइव्ह बसवून देत असे, आणि शेव्हरोलेच्या ट्रकसाठी मिनियापोलिसच्या नॅप्को कंपनीचा संच मिळे. १९५७ पासून तो संच शेव्हरोलेच्या कारखान्यातूनच बसवून घेता येऊ लागला. फोर्डने १९५९ मध्ये आणि शेव्हरोलेने १९६० मध्ये स्वतःचे फोर बाय फोर पिकअप काढले, तेव्हा हा बाहेरचा धंदा मंदावला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या काळी हे संच यशस्वी झाले, कारण टू-व्हील-ड्राइव्ह ट्रकच्या पुढेही सरळ बीम आणि पाटेच असत आणि संच त्या विशिष्ट चासीसाठी मोजून बनवलेला असे. भंगारातून जमेल ते उचलून बसवणे ही वेगळी गोष्ट झाली.

माझ्याकडे १९७८ चा शेव्हरोले सी-१० होता. शेव्हरोलेच्या भाषेत सी म्हणजे टू-व्हील-ड्राइव्ह आणि के म्हणजे फोर बाय फोर. बाहेरून दोन्ही जुळी भावंडे दिसतात, म्हणून मला वाटले की के-१० चे सुटे भाग घेऊन सी-१० ला लावता येतील. खाली वाकून पाहिल्यावर भ्रम दूर झाला. सी-१० ला पुढे कॉइल स्प्रिंग आणि स्वतंत्र सस्पेन्शन, के-१० ला पाटे आणि सरळ हाऊसिंग. पाटे टांगायची जागाच माझ्या चासीवर नव्हती. स्टिअरिंगचा हातसुद्धा एकात आडवा हलतो आणि दुसऱ्यात पुढे-मागे, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सही बदलणे आले. लिहिता लिहिता यादी दोन पाने झाली आणि त्यात ब्रेकच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, लीव्हरसाठी केबिनच्या तळाला पाडायचे भोक असल्या बारीकसारीक गोष्टी धरलेल्याच नव्हत्या.

शेवटी एका अनुभवी शेजाऱ्याने उलटा मार्ग सुचवला. हिवाळ्यात जिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या प्रदेशातून आलेला एक के-१० मिळाला. त्याचे पत्रे चाळणीसारखे गंजले होते, पण चासी, दोन्ही हाऊसिंगे आणि एनपी २०५ जातीची ओतीव लोखंडी ट्रान्सफर केस ठणठणीत होती. मी के-१० ची चालती गाडी मूळ ठेवली, तिची कागदपत्रेही तीच राहिली, आणि माझ्या सी-१० ची केबिन, हौदा व दरवाजे तिच्यावर चढवले. तीन शनिवार-रविवार लागले. म्हणजे टू-व्हील-ड्राइव्ह गाडी फोर बाय फोर झाली नाही, फोर बाय फोर गाडीला चांगले कपडे मिळाले. माझ्या ओळखीत ज्यांनी सुटे भाग जमवून काम केले, त्यांच्यापैकी कुणाचेही काम संपूर्ण दाता गाडी विकत घेण्यापेक्षा स्वस्तात झालेले नाही.

मोजमाप_आणि_दावे

डेन्व्हरकरांचा मार्ग भारतात सांगताना सावध राहावे लागेल. मी विमा सर्वेक्षणाच्या कामात आहे, वकील नाही. पण या विषयावर गेल्या काही वर्षांत जे पाहिले त्यावरून लिहितो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रात असलेला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हा अर्थ अधिक ठाम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले, ज्याच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग बदलणे आणि चाकांना नवी शक्ती जोडणे, यांत कायदा फरक करतो हे खरे, पण पुढचे हाऊसिंग, ट्रान्सफर केस आणि वाढलेले वजन या गोष्टी कुठल्याही वाचनाने किरकोळ ठरत नाहीत.

यावर नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो. त्याच कंपनीने तेच मॉडेल फोर बाय फोरमध्येही विकले आहे, मग माझ्या गाडीत तेच भाग बसवले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की मान्यता त्या विशिष्ट प्रकाराला मिळालेली असते आणि तुमचा चासी क्रमांक दुसऱ्या प्रकारात नोंदलेला असतो. शिवाय तुमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आणि आठ वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे तिला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी जीपवाला पहिल्या पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांतून एकदा तपासणीला जातो. तुम्ही दरवर्षी रत्नागिरीला निरीक्षकासमोर गाडी उभी करणार, आणि बीमच्या जागी गोळा दिसायला खाली वाकावेही लागत नाही.

विम्याचा भाग मला अधिक गंभीर वाटतो. न कळवलेला यांत्रिक बदल आढळला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आधार मिळतो. घाटात ब्रेक किंवा स्टिअरिंगशी संबंधित अपघात झाला आणि पुढचे संपूर्ण हाऊसिंग स्थानिक वेल्डिंगवर उभे असल्याचे अहवालात आले, तर पुढचे प्रश्न पैशांपुरते राहत नाहीत. त्यामुळे फोर बाय फोरच हवी असेल तर कारखान्यातून तशी निघालेली गाडी घ्यावी. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोरमध्ये मिळत आला आहे, टाटा झेनॉनचीही तशी आवृत्ती होती. घेताना आर. सी. वरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) मॉडेलचे नाव आणि गाडीखालचे लोखंड एकमेकांशी जुळतात का, हे तपासावे. कारण तुम्ही आज जो विचार करता आहात, तो आधीच्या मालकाने करून ठेवलेला असू शकतो.

जांभ्याची_वाट

तिघांचेही मनापासून आभार. निवृत्त_फिटर यांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी दोन्हीकडे खडूने मोजमाप केले. माझ्या मागच्या हाऊसिंगमध्ये आणि गॅरेजमधील पुढच्या हाऊसिंगमध्ये जवळजवळ अर्ध्या फेरीचा फरक निघाला. गॅरेजवाल्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की चिखलात तेवढे चालून जाते. त्याने हे पैसे घेण्यापूर्वी सांगितले, हेही नसे थोडके.

दुसरी फोर बाय फोर घेण्याबद्दल चौकशी सुरू केली आहे, पण धड अवस्थेतील गाडीचा भाव आणि माझ्या पिकअपला मिळणारी किंमत यांतील अंतर दोन हंगामांच्या कलमांनी भरून निघेल असे दिसत नाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती. संपूर्ण ९०० मीटरमध्ये गाडी अडकते ती शेवटच्या साठ मीटरांतच. गवंड्याची पाण्याची नळी धरून मोजले. सर्वांत वाईट जागी बारा मीटर लांबीत दोन मीटर चढ आहे, म्हणजे सहास एक. कलमांचा भार आकाराने मोठा आणि वजनाने हलका असतो, जास्तीत जास्त दीडशे-दोनशे किलो. वाळूची पोती हौद्यात टाकून पाहिली. थोडा फरक पडला, पण भरवसा नाही.

उतारमापक

आपण चढ मोजून लिहिलात हे फार उत्तम झाले, कारण आता अंदाजाने बोलायची गरज उरली नाही. मी ग्रामीण रस्त्यांच्या कामावर स्थापत्य अभियंता आहे, गाड्यांतील जाणकार नाही. पण हा प्रश्न मला गाडीपेक्षा रस्त्याचाच अधिक वाटतो.

ढोबळ हिशोब करू. कलमांसह गाडीचे वजन १,६०० किलो आणि त्यातील ४५ टक्के, म्हणजे ७२० किलो मागच्या चाकांवर आहे असे धरा. भिजलेल्या लाल मातीवर टायरची पकड वजनाच्या ०.३ पट धरली, तर मागची चाके जास्तीत जास्त २१६ किलोचा रेटा देऊ शकतात. सहास एक चढण चढायला १,६०० चा सहावा भाग, म्हणजे २६७ किलो लागतात, आणि मऊ मातीत चाके रुतण्याचा विरोध ५ टक्के धरला तर आणखी ८०, एकूण ३४७. गाडी अडकणारच. चारही चाके ओढू लागली तर ४८० किलोचा रेटा मिळतो आणि गाडी वर जाते. इथपर्यंत आपली इच्छा बरोबर आहे.

आता तीच गाडी, तीच मागची दोन चाके, पण खाली माती नसून खरखरीत काँक्रीट. भिजलेल्या काँक्रीटवर पकड ०.५५ धरली तर मागच्या चाकांचा रेटा ३९६ किलो होतो. चाके रुतत नाहीत, त्यामुळे विरोध २४ किलोंपर्यंत उतरतो आणि एकूण गरज २९१ राहते. म्हणजे गरजेच्या तुलनेत जेवढी शिल्लक चिखलात चार चाकांनी मिळते, जवळजवळ तेवढीच काँक्रीटवर दोन चाकांनी मिळते. चढताना काही वजन मागे सरकते ते मी हिशोबात धरलेले नाही. धरले तर आकडा आपल्याच बाजूने झुकेल. वाळूच्या पोत्यांचा फारसा उपयोग का झाला नाही, हेही यावरून दिसते. ३०० किलो वाळूने रेटा ९० किलोंनी वाढतो, पण तीच वाळू वर चढवायला आणि चिखलातून ओढायला ६५ किलो खर्च होतात.

संपूर्ण रस्ता काँक्रीटचा करू नका. चाकांखाली दोन पट्ट्या पुरतात. प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड आणि साठ मीटर लांब धरल्या तर साधारण अकरा घनमीटर काँक्रीट लागेल. पृष्ठभाग गुळगुळीत न करता ओल्यावरच खराट्याने आडवे ओरखडे काढावेत. डोंगराकडच्या बाजूला चर खणून पाणी वळणाच्या आधीच बाहेर काढावे, नाहीतर दोन पावसांत पट्टीखालची माती वाहून जाईल. जांभ्याचे चिरे लावण्याचा मोह होईल, कारण ते जवळच मिळतात. पण चिऱ्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात शेवाळ धरते आणि मग आहे ती मातीच बरी होती असे वाटू लागते.

काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपेल असे पाहा. काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यासाठी २८ दिवस धरतात आणि पहिले किमान सात-आठ दिवस त्यावर पाणी मारत राहावे लागते. तुमच्याकडे एप्रिलमध्ये विहिरीत किती पाणी असते, ते आधी बघून घ्या.

निवृत्त_फिटर

उतारमापक यांचा हिशोब मला पटला, आणि एका फिटरने हे कबूल करावे यातच काय ते आले. फक्त एक भर घालतो. गाडी अडकते तेव्हा मागची दोन्ही चाके फिरतात की एकच, हे एकदा कुणाला तरी खाली उभे करून बघा. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटते, त्यामुळे वळणावर आतले चाक हलके होऊन फिरू लागले की बाहेरच्या चाकालाही त्या हलक्या चाकाइतकाच जोर मिळतो, आणि उतारमापकांचे २१६ किलोसुद्धा प्रत्यक्षात हाती येत नाहीत. तसे असेल तर आतल्या बाजूची पट्टी आधी करा. आणि फोर बाय फोरचा एक गुण पट्ट्यांनी मिळणार नाही, तो म्हणजे उतरताना लो गीअरने गाडी धरून ठेवणे. तुम्ही पहिल्या गीअरमध्येच उतरा, क्लच दाबू नका आणि काँक्रीट संपून माती सुरू होते त्या जागी ब्रेक मारू नका.

जांभ्याची_वाट

काल पाऊस नव्हता, म्हणून वळणावर मुद्दाम पाणी ओतून पाहिले. एकच चाक फिरते, आतले. निवृत्त_फिटर यांचा अंदाज बरोबर निघाला.

गॅरेजवाल्याला हाऊसिंग नको म्हणून कळवले आहे. पट्ट्या मार्चअखेर घालायला घेईन. विहिरीला एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरेसे पाणी असते. उतारमापक यांना एकच विचारायचे आहे: वळणावर आतली पट्टी ६० सेंटिमीटर पुरेल का? पुढची चाके पट्टीवर असताना मागचे चाक आत उतरते, हे मला बैलगाडीपासून माहीत आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर जवळजवळ २.८ मीटर भरले, आणि वळणाची त्रिज्या दोरी धरून सुमारे आठ मीटर आली.

उतारमापक

पुरणार नाही. मागचे चाक किती आत येते याचा जवळचा अंदाज असा काढतात: दोन चाकांमधील अंतराचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागायचे. २.८ चा वर्ग ७.८४, भागिले १६, म्हणजे जवळपास अर्धा मीटर. तेव्हा वळणापुरती आतली पट्टी ११० सेंटिमीटर करा आणि बाहेरची पट्टीही आतल्या अंगाला तेवढीच वाढवा, कारण बाहेरचे मागचे चाकसुद्धा तेवढेच आत सरकते. फळ्या ठोकण्यापूर्वी चारही टायरांना चुन्याचे पाणी लावून कोरड्या वळणावरून एकदा वर आणि एकदा खाली गाडी न्या. जमिनीवर ज्या पांढऱ्या रेघा उमटतील, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक वीत जागा सोडून मग दोरी ताणा.